ठेवणीतली गाडी

आईचा एक ठेवणीतला शालू होता. चांगल्या प्रसंगाला नेसायचा म्हणून ट्रंकेत घातलेला. प्रसंग आले नि गेले, शालू तिथेच. शेवटी माझ्या लग्नात तिने घडी मोडली आणि तो नेमका घडीच्या रेषेवरच विरला.

जॅग्वारच्या एक्सजे-१३ या शर्यतीच्या गाडीचा फोटो पाहिला की मला तो शालू आठवतो.

ही एकुलती एक गाडी १९६६ मध्ये इंग्लंडात कव्हेंट्रीच्या ब्राउन्स लेन कारखान्यात तयार झाली. आकार माल्कम सेयरचा. हा गडी मुळात विमानांच्या कारखान्यातला. मागच्या चाकावरून शेपटाकडे उतरणारा तो ॲल्युमिनियमचा पत्रा बघावा. ठोकून काढलाय असं वाटतच नाही, कुणी तळहाताने लिंपलाय जणू. ड्रायव्हरच्या पाठीशी ५ लिटरचं, १२ सिलिंडरचं इंजिन, ताकद ५०० अश्वशक्तीची. फ्रान्समधली ल मान्सची २४ तासांची शर्यत पुन्हा मारायची होती. पन्नासच्या दशकात जॅग्वारने ती पाचदा जिंकलेली. पण तोवर फोर्ड ७ लिटरची इंजिनं घेऊन उतरली आणि त्याच वर्षी जिंकलीही. इकडे जॅग्वार बीएमसी या ब्रिटिश मोटार कंपनीत विलीन होत होती. अशा धामधुमीत हिच्याकडे बघतंय कोण?

जॅग्वारचे सर्वेसर्वा सर विल्यम लायन्स यांची ताकीद होती, गाडी हलवायची नाही. टेस्ट ड्रायव्हर नॉर्मन ड्यूइसने १९६७ मध्ये एका रविवारी ती गुपचूप मायराच्या, म्हणजे गाड्यांच्या चाचणीच्या, ट्रॅकवर नेलीच. (मला हा माणूस फार आवडतो.) त्याच वर्षी शर्यतपटू डेव्हिड हॉब्जने तिथे ताशी १६१ मैलांनी फेरी मारली. मग गाडी पुन्हा झाकून ठेवली.

२० जानेवारी १९७१. जॅग्वारच्या ई-टाइप या स्पोर्ट्स कारला नवं १२ सिलिंडरचं इंजिन मिळणार होतं, त्याच्या जाहिरातपटासाठी हिला बाहेर काढलं. चालवायला ड्यूइसच. भरधाव असताना चाकाने दगा दिला आणि गाडी कोलांट्या खात गेली. ड्यूइसने इग्निशन बंद केलं, आत खाली दडला, आणि धडधाकट बाहेर आला. गाडीचा मात्र चोळामोळा.

पुढे जुन्या साच्यांवर नवा पत्रा ठोकून तिला उभी केली आणि १९७३ मध्ये सिल्व्हरस्टोनच्या शर्यतीच्या ट्रॅकवर मिरवली. आता ती इंग्लंडातल्या गेडनच्या मोटार संग्रहालयात असते. मूळच्यासारखी हुबेहूब नाही, असं जाणकार म्हणतात. मला फोटोत फरक कळत नाही.

आईच्या शालूचे काठ तेवढे धड होते. ते भाचीच्या परकराला लावले. ती तो घालून अंगणात चिखलात खेळते.