ओळखत नाही, तरी का पाळते?

तुम्ही विचारलंत म्हणून एकदा नीट सांगते. इंदूरच्या आमच्या घरी आलेलं माणूस, मग ती रामबागेतली आत्या असो की वरच्या मजल्यावरचे काका, टॅरंट्युलाचा डबा बघून हेच विचारतं: "हा कोळी तुला ओळखतो का? नाही ना? मग पाळायचा कशाला? आणि एवढंसं पिल्लू का आणलंस, मोठाच घ्यायचास!"

नाही ओळखत. आठ डोळे असून त्याला जेमतेम दिसतं. पायांवरच्या केसांना जी थरथर जाणवते तेच त्याचं जग. मी डबा उचलला की त्याच्या लेखी जमीन हलते, बाकी काही नाही. हातावरही घेत नाही, कारण उंचावरून पडला तर पोट फुटून मरू शकतो. मला हे चालतं. घरातल्या प्रत्येक जिवानं माझ्यावर जीव लावावा, अशी माझी अट नाही.

पिल्लू का? मोठा कोळी विकायला येतो तेव्हा तो जंगलातून उचललेला असण्याची धास्ती असते. आपल्या आंध्रातल्या निळ्या टॅरंट्युलाचंच बघा. 1899 मध्ये गुत्तीच्या रेल्वेच्या लाकूडवखारीतल्या नमुन्यावरून त्याची नोंद झाली, मग थेट 2001 मध्ये तो जंगलात पुन्हा सापडला, आणि आज तो नामशेष होण्याच्या काठावर आहे. म्हणून मला माणसांकडेच जन्मलेलं पिल्लू हवं होतं, नोंदणीच्या कागदांसकट. मध्य अमेरिकेतली कुरळ्या केसांची जात घेतली, शांत आणि काटक म्हणून. तरी पाय पसरून सेंटिमीटरभर असलेल्या पिल्लाची कातडी ती किती! आमच्याकडच्या मे महिन्याच्या कोरड्या झळांत डब्यातल्या कोकोपीटचा, म्हणजे नारळाच्या भुशाचा, एक कोपरा ओला ठेवला नाही तर ते सुकून जातं. मेलवर्म नावाच्या अळीचा तुकडा चिमट्यानं ठेवायचा, उरलेला सकाळी काढायचा, नाहीतर बुरशी धरते. एवढंच काम.

पिल्लू नर की मादी, हे घेताना कळत नाही. मादी वीस वर्षांपर्यंत जगू शकते. नर वयात आला की बहुधा वर्ष-दीड वर्षात संपतो. मी सगळ्यांना ठासून सांगायचे, "मला काय फरक पडतो!"

गेल्या पावसाळ्यात त्यानं खाणं सोडलं, पोट काळवंडलं. एका रात्री तो उताणा झाला. बघणाऱ्याला वाटतं मेला, पण टॅरंट्युला कात टाकतो ती अशीच. तेव्हा त्याला हात लावायचा नसतो. आईनं पंखासुद्धा बंद केला आणि घाम पुसत माझ्याजवळ बसली. आधी पाठीचं कवच कडेनं सुटलं. मग पाय, थोडे थोडे, सगळे एकदमच जुन्या कातीतून ओढले जाऊ लागले. मध्येच थांबायचा, इतका वेळ थांबायचा की मी श्वास धरून बसायचे. कातीत पाय अडकून मेलेले कोळी मी ऐकले होते. पहाटे आठही पाय बाहेर आले. नवे सुळे पांढरेशुभ्र होते. आई म्हणाली, "सुटला गं बाई!"

उलटून उभा राहिला तेव्हा दिसलं. तोंडाजवळच्या दोन आखूड पायांची टोकं बॉक्सिंगच्या ग्लोव्हजसारखी फुगलेली, पुढच्या पायांना खालून आकडे. नर, आणि ही शेवटची कात. "अगं, नीट निघाला ना सगळा, मग रडतेस का?" आई विचारत होती. मला तिला सांगता येईना.

फरक पडत नाही म्हणणारी मी खोटं बोलत नव्हते. ती रात्र तोवर आली नव्हती, इतकंच. पण "मादीच घ्यायची होतीस" असं मला म्हणू नका. अंड्यांच्या एकाच पिशवीतून नरही निघतात, ते कुणी वाढवायचे? आणि पुन्हा पिल्लू आणशील का, हेही विचारू नका. माझं मत आठवड्याला बदलतंय.

आता तो रात्रभर डब्यात येरझाऱ्या घालतो, खातो नावाला. मादी शोधतोय. भोपाळच्या एकांकडे याच जातीची मादी आहे, त्यांनी मागणी घातली आहे. मादी त्याला खाऊनही टाकू शकते. आणि असे नर कुणी दिलेच नाहीत, तर जंगलातून न उचललेली पिल्लं येणार कुठून? मीच तर तशा पिल्लासाठी हटून बसले होते. आई म्हणते, देऊ नकोस. मी भोपाळला इतकंच विचारलंय, मादीला आधी पोटभर खायला घालाल ना? उत्तर आलं की ठरवेन.