झ-झण्ण

'हुशार आहे, पण लक्ष नाही' हा शेरा माझ्या प्रगतिपुस्तकात इतका नेमाने यायचा, की आईने तो वाचणंच सोडलं होतं. सोपे झेल सुटायचे, बुटाची नाडी कायम लोंबत असायची. पीटीच्या सरांनी मात्र मला पाडव्याच्या स्वागतयात्रेसाठी लेझीम पथकात घेतलं, तेही पहिल्या रांगेत!

चाळीस जणांची लेझीम एकदम वाजली की 'झण्ण' असा एकच आवाज येतो. कुणी घाई केली, की 'झ-झण्ण'. तो आधीचा 'झ' माझा. सर आमच्याकडे पाठ करून उभे राहत आणि न बघताच ओरडत, "आला बघा, गाडी थांबायच्या आत उडी मारणारा!" मग फक्त हलगी, हात मागे बांधून नुसती पावलं. पावलं बसली, की पुन्हा लेझीम हातात. त्या वर्षी जांभळी नाक्यावर आमचं पथक आलं, तेव्हा पाठीला वळ होता (लोखंडी साखळीने माया केली नाही), पण 'झ' गेला होता.

आज मी ठाण्यातच ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, म्हणजे मुलांना रोजची कामं जमावीत म्हणून उपचार करतो. 'इंटरॅक्टिव्ह मेट्रोनोम' नावाची पद्धत शिकताना मला सर आठवले. हेडफोनमध्ये मिनिटाला ५४ ठोके. त्यावर टाळी द्यायची, पाय आपटायचा. हात लवकर पडला की उशिरा, ते लगेच कानात कळतं, मिलिसेकंदांत. माझ्याकडची चळवळी मुलं बहुधा ठोक्याच्या आधीच टाळी देतात. २००१ साली अमेरिकेत ६ ते १२ वर्षांच्या, लक्ष न टिकणाऱ्या ५६ मुलग्यांवर याचा अभ्यास छापून आला. काहींना मेट्रोनोम, काहींना व्हिडिओ गेम, काहींना काहीच नाही. मेट्रोनोमवाल्यांची एकाग्रता आणि हालचालींवरचा ताबा अधिक सुधारलेला दिसला. लहान मेंदू (मेंदूचा मागचा, खालचा भाग) हालचालींसोबत वेळेचाही हिशेब ठेवतो, त्यामुळे हे पटण्यासारखं आहे. पण ५६ म्हणजे काही फार नव्हेत. याला रामबाण म्हणून विकणाऱ्यांपासून पालकांनी चार हात लांब राहावं. लेझीम हाही उपचार नव्हे. पण ती स्वस्त आहे, आणि मुलं तिला कंटाळत नाहीत.

हल्ली आपल्या शाळेच्या स्नेहसंमेलनात लेझीम नसते म्हणे, रेकॉर्डवरचे नाच असतात. जुन्या लेझीम माळ्यावर असतील, तर साखळ्या आणि चकत्या बदलायचा खर्च माझा. शनिवारी सकाळी हलगी घेऊन यायलाही मी तयार आहे.

– एक माजी विद्यार्थी, दहावी २००७