पेट्रा कुठे, स्टोनहेंज कशाला

'सिव्हिलायझेशन' या राज्य उभारण्याच्या संगणकीय खेळात एखाद्या शहराने पुढे काय बांधावे याची यादी उघडली, की ग्रॅनरी, तटबंदी, वाचनालय अशा रोजच्या गरजेच्या नावांमध्येच पिरॅमिड, पेट्रा, कलोसियम अशी भारदस्त नावे दिसू लागतात आणि सुज्ञ माणसाचाही हात तिकडे वळतो. सिड मायर यांच्या नावाने १९९१ मध्ये ही मालिका सुरू झाली, तेव्हापासून प्रत्येक भागात ही 'वंडर्स', म्हणजे जगप्रसिद्ध वास्तू, आहेत, आणि एक नियम आजवर बदललेला नाही: साऱ्या जगात प्रत्येक वंडर एकदाच उभे राहते. ते दुसऱ्याने बांधले तर आपल्याला ते बांधता येत नाही. या एका अटीमुळे बहुतेक खेळाडू हिशेब विसरतात. जे दुर्मीळ ते मौल्यवान, असे आपण मनाशी धरून चालतो, पण हा खेळ तसे काही मानत नाही.

नेरुळला माझ्या बहिणीकडे गेलो की भाचा लॅपटॉप पुढे सरकवतो आणि विचारतो, "मामा, स्टोनहेंज घेऊ का?" आम्ही दोघेही मालिकेतला २०१६ चा सहावा भाग खेळतो, त्यामुळे प्रश्नाचा अर्थ मला चांगला कळतो. स्टोनहेंजला १८० प्रॉडक्शन, म्हणजे शहराची तेवढी बांधकामाची ताकद, लागते. नवे शहर वसवायला निघणारा पहिला सेटलर ८० मध्ये तयार होतो आणि त्यानंतरच्या प्रत्येक सेटलरची किंमत थोडी थोडी वाढत जाते, म्हणजे ढोबळमानाने स्टोनहेंज ही दोन शहरांची किंमत झाली. बदल्यात एक धर्मसंस्थापक महापुरुष ताबडतोब मिळतो, हे खरे. परंतु होली साइट हा धर्माचा विभाग बांधून, जरा उशिराने का होईना, तोही मिळवता येतो, आणि आपण न पाठवलेल्या सेटलरच्या जागेवर शेजारच्या राजाने शहर वसवले तर ती जमीन लढाईवाचून परत मिळत नाही. म्हणून मी त्याला नेहमी उलट प्रश्न करतो: एवढ्या टर्नमध्ये, म्हणजे चालींमध्ये, हे शहर दुसरे काय बांधू शकले असते? वंडरची खरी किंमत यादीत छापलेली नसते. त्याच्यापायी जे राहून गेले, ती त्याची किंमत.

एवढ्यावरून वंडर्स टाळावीत असा निष्कर्ष काढणे मात्र घाईचे ठरेल, आणि त्याला माझे उत्तर पेट्रा हे आहे. वाळवंट ही या खेळातली सर्वांत करंटी जमीन. सपाट वाळवंटाचा चौकोन, खरे तर षट्कोन, काहीच देत नाही आणि वाळवंटी टेकडीवर जेमतेम एक प्रॉडक्शन मिळते. पेट्रा बांधले की त्या शहराच्या हद्दीतील प्रत्येक वाळवंटी टाइलवर, म्हणजे षट्कोनावर, पूरमैदाने वगळता, दोन अन्न, दोन सोने आणि एक प्रॉडक्शन यांची भर पडते. जिच्याकडे कोणी ढुंकून पाहत नव्हते ती टेकडी दोन अन्न, दोन प्रॉडक्शन आणि दोन सोने देऊ लागते, म्हणजे चांगल्या गवताळ टेकडीलाही मागे टाकते. अशा टेकड्या सात-आठ असतील, तर पेट्राला लागणारे ४०० प्रॉडक्शन शहर लवकरच वसूल करते. तेच पेट्रा नदीकाठच्या हिरव्या शहराने, हद्दीत वाळवंटाचे दोन तुकडे आले म्हणून, हट्टाने बांधले तर ते केवळ शोभेचे राहते. वास्तू तीच, किंमत तीच, वर्णनातला शब्दन् शब्द तोच. फरक पडतो तो भोवतालच्या जमिनीने. त्यामुळे 'सर्वोत्तम वंडर कोणते' या प्रश्नावर तावातावाने वाद घालणाऱ्यांचे मला नवल वाटते. नकाशा पाहण्याआधी त्या प्रश्नाला उत्तरच नसते.

सहाव्या भागाने जागेचा हा मुद्दा आणखी कडक केला. पूर्वी वंडर शहराच्या पोटात कुठेतरी सामावून जात असे. आता ते एक अख्खी टाइल व्यापते आणि एकदा बांधले की पाडता येत नाही. शहराला केंद्र सोडून फार तर ३६ टाइल वापरता येतात. त्यांतच शेती, खाणी, कॅम्पस म्हणजे विद्येचा विभाग, बंदर आणि कारखान्यांचा विभाग बसवायचा असतो. शिवाय प्रत्येक वंडरच्या अटी वेगळ्या. स्टोनहेंजला दगडाच्या साठ्याला लागून सपाट जमीन हवी, हँगिंग गार्डन्सला नदीकाठ हवा, ओरॅकलला टेकडी हवी. म्हणजे आपण बांधणारे कमी आणि नगररचनाकार जास्त होतो, आणि तसे झालो की नवी मुंबईत राहणाऱ्याला, निदान मला तरी, डोळ्यांपुढचे शहर निराळ्या नजरेने दिसू लागते. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी खाडीपलीकडे नवे शहर वसवण्याची कल्पना मांडली, १९७० मध्ये सिडको स्थापन झाली, आणि मग वाशी, नेरुळ, बेलापूर असे नोड एकेक करून भरत गेले. आधी वस्त्या, बाजार, शाळा असा तो क्रम होता. मानखुर्दहून वाशीला लोकल आली ती १९९२ मध्ये, आणि विमानतळाचे उद्घाटन झाले ते थेट २०२५ च्या ऑक्टोबरात. खेळातला एरोड्रोमही सपाट जागाच मागतो, पण टेकडी कापण्याची मुभा देत नाही. उलव्याची टेकडी कापून आणि नदीचे पात्र वळवून धावपट्टीची जागा करणे, ही सोय भाच्याला त्याच्या खेळात फार हवी आहे.

जागा मिळाली, तरी आणखी कोण बांधत आहे हा प्रश्न उरतोच. सर्वांत अवघड अशा डीइटी पातळीवर संगणकाचे राजे तीन सेटलर घेऊन सुरुवात करतात, आपल्याला मात्र एकच मिळतो. तेव्हा आरंभीच्या वंडर्सची शर्यत बहुधा सुरू होण्यापूर्वीच हरलेली असते. चारपाच टर्न उरल्या असताना 'अमुक देशात हे वंडर पूर्ण झाले' अशी सूचना पडद्यावर येते, आणि गेलेल्या टर्न परत येत नाहीत. पाचव्या भागात अशा वेळी निदान थोडे सोने हाती पडत असे. यावर एक साधा उपाय आहे, आणि तो फारसे कोणी करत नाही. सहाव्या भागात अर्धवट वंडर नकाशावर परांच्यांसह उभे दिसते, त्यामुळे एखादा टेहळ्या शेजाऱ्याच्या हद्दीतून फिरवून आणला तर त्याने कशाला हात घातला आहे हे आधीच कळते. ज्या वंडरच्या अटी अवघड, त्याला स्पर्धा कमी, हेही अनुभवास येते; वाळवंट ज्याच्याकडे नाही, तो पेट्राच्या शर्यतीत उतरूच शकत नाही.

जुन्या भागांत घाई करण्याच्या युक्त्या होत्या. पहिल्या दोन भागांत व्यापारी तांडे तयार ठेवून ते ऐन वेळी वंडरमध्ये ओतता येत. चौथ्यात संगमरवर किंवा दगड हाताशी असेल तर काही वंडर्स दुप्पट वेगाने होत. आता जंगल तोडून एकरकमी प्रॉडक्शन मिळवणे हाच मुख्य मार्ग उरला आहे, आणि आपला राजा म्हणून चीनचा चिन शी हुआंग घेतला असेल तर बिल्डरच्या, म्हणजे जमीन सुधारणाऱ्या कामगाराच्या, हातूनही प्राचीन वंडर्स पुढे सरकतात.

हिशेबात मला सर्वांत उपयोगी पडलेला भेद असा, की काही वंडर्स एका शहराचे भले करतात आणि काही साऱ्या राज्याचे. पिरॅमिडमुळे प्रत्येक बिल्डरला तीनाऐवजी चार कामे करता येतात, आणि हँगिंग गार्डन्समुळे सर्व शहरांची वाढ १५ टक्क्यांनी वेगाने होते. दोन शहरांच्या राज्यात या टक्क्यांना काही अर्थ नाही. दहा शहरांच्या राज्यात तीच वास्तू भरभरून देते. म्हणजे राज्यभर फळणाऱ्या वास्तूंसाठीसुद्धा आधी शहरेच लागतात. फॉरबिडन सिटी मात्र याला अपवाद आहे. तिची किंमत ९२० आहे, पण कोणतेही धोरण बसवता येईल असा एक मोकळा कप्पा ती देते, आणि तो लहान राज्यालाही मोठ्याइतकाच कामाचा ठरतो. तिच्यासाठी मी सेटलरही थांबवतो.

सगळेच हिशेबाने होते असे नाही. वंडर पूर्ण झाले की एक छोटी चित्रफीत सुरू होते: दिवस उजाडतो, मावळतो, परांच्या चढतात, दगडावर दगड बसतो, आणि शेवटी परांच्या गळून पडल्यावर वास्तू उन्हात उभी राहते. ही चित्रफीत 'एस्केप' दाबून पुढे ढकलणारे खेळाडू मला ठाऊक आहेत. त्यांच्याशी माझे फारसे जमत नाही. खेळानेही या सौंदर्याला काही मोल ठेवले आहे. थिएटर स्क्वेअर हा नाट्यगृहांचा विभाग वंडरला लागून बांधला तर संस्कृतीचे गुण वाढतात. ठाण्यात मासुंदा तलावाच्या काठावर १९७८ मध्ये गडकरी रंगायतन उभे राहिले, तेव्हा असे गुण कोणी मोजले नसतील. तरी नाटक सुटल्यावर तलावपाळीवर रेंगाळणारी गर्दी पाहिली की शेजाराचा फायदा काय असतो हे समजावून सांगावे लागत नाही. मी एकाच शहरात तीन वंडर्सच्या बेचक्यात थिएटर स्क्वेअर बसवतो, आणि भाचा त्याला मामांची हौस म्हणतो.

हौस तर आहेच, पण सांस्कृतिक विजयाचा बेत असेल तर तोच हिशेबही ठरतो, कारण प्रत्येक वंडर पर्यटक खेचते. विज्ञानाच्या वाटेने अंतराळात जाऊन जिंकायचे असेल तर मध्ययुगानंतरची बहुतेक वंडर्स मी नजरेआड करतो आणि कॅम्पस व कारखाने वाढवतो. आयफेल टॉवरबाबत आमचे अद्याप एकमत झालेले नाही. राज्यातल्या प्रत्येक टाइलचे आकर्षण तो दोनने वाढवतो, त्यामुळे राष्ट्रीय उद्याने आणि समुद्रकाठची रिसॉर्ट्स फळतात. भाच्याच्या मते तो इतक्या उशिरा येतो की तोवर खेळाचा निकाल लागलेला असतो. माझे म्हणणे असे, की किनाऱ्यावर पाचसहा शहरे असतील तर निकाल त्यानेच लागतो, आणि पुढच्या डावात किनारा मिळाला तर मी तो बांधणार आहे.