पावली कम

मंगळवारचा बाजार करून आले, पिशवी ओट्यावर उपडी केली आणि बटव्यातली चिल्लर ताटलीत ओतून मोजायला बसले. हा माझा जुना चाळा. नुसती मोजत नाही, सालाखाली काय आहे तेही बघते. हिरा असला तर नाणं मुंबईचं, तारा असला तर हैदराबादचं, नुसता ठिपका म्हणजे नोएडा आणि काहीच नसलं तर कोलकाता. एवढ्या लांबून पाहुणा घरी येतो आणि आपण त्याला गाव विचारू नये, हे मला पटत नाही. घरच्यांच्या मते माझी पावली कम आहे.

त्या दुपारी ती भरून निघाली.

रुपयांच्या ढिगात एक नाणं जरा मळकट, पिवळट दिसलं. हिरा-तारा बघण्याआधी सालावरच अडकले. १९४३. उलटून बघते तो मुकुट घातलेला राजा. सहावा जॉर्ज. नाक झिजून सपाट झालेलं, पण तोरा तोच. चांदीची पावली!

आली असेल सांबारवालीकडून. (सांबार म्हटल्यावर इडली शोधणाऱ्यांनी कोथिंबीर असं वाचावं.) वीसची नोट दिली होती, तिने आठ परत दिले होते, त्यातच ही. चूक तिची नाही. हल्लीचा नवा रुपया २० मिलिमीटरचा, पावली १९ची. गर्दीत बोटांना एवढा फरक कळत नाही. गंमत अशी, की त्याच बाईला मी आधी दहाचा शिक्का दिला होता आणि तिने तो हातही न लावता परत केला होता. "हा नाही चालत इथं, बाई. नोट द्या." दहाचे सगळे शिक्के चालतात असं रिझर्व्ह बँक कितीदा सांगून बसली, पण आमच्या बाजारात तिचं कोण ऐकतं. म्हणजे सरकारचा शिक्का नापास आणि इंग्रजांची पावली पास. तीही चार आण्यांची सोळा आणे होऊन! खरे चार आणे तर ३० जून २०११ लाच बंद झाले.

मी ती फरशीवर टाकून बघितली. शेजारी एक स्टीलचा रुपया टाकला. तो टक् करून गप्प. पावली मात्र वाजली आणि वाजत राहिली. तरी ही लढाईच्या काळातली, हिच्यात चांदी निम्मीच. १९४० पासून सरकारने वजन तेच ठेवलं आणि आतला माल बदलला. लोकही काही कमी नव्हते, त्यांनी जुने रुपये गाठीला मारले आणि नवे बाजारात खपवले. फाटकी नोट आपण आधी कंडक्टरच्या हातात सरकवतो, तसंच ते.

शेजारचं पोट्टं आवाज ऐकून आलं. "काकू, मोबाईलवर दाखवतेत, याचे लाख भेटतेत." लाख देतो म्हणून आधी फी मागणारे असतात, सावध राहा, असं रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्ये सांगितलं होतं, ते मी त्याला सांगितलं. त्याचा चेहरा पडला. दीड ग्रॅम चांदीचे लाख कोण देणार?

आजीकडे अकरा रुपये होते. जवळजवळ पूर्ण चांदीचे. ज्वारीच्या कोठीत, तळाशी, लाल फडक्याच्या गाठीत. आमच्याकडचा कापूस शकुंतला रेल्वेत बसून मूर्तिजापूरला जायचा, तिथून मुंबईला, त्या काळात खापरपणज्याने ते आणलेले. धनत्रयोदशीला दुपारी कोठीत हात घालायचं काम माझं, कारण माझा हात बारीक. मग अंगणात पाटावर बसून रिठ्याच्या पाण्यात रुपये घासायचे. फेसात बोटं बुडवून एकेक वर काढायचा, की आजी त्याला जात्याच्या पाळूवर आपटून कानाशी न्यायची. दरवर्षी. जसा काही वर्षभरात कोठीत राहून तो खोटा होणार होता.

तिला वाचता येत नव्हतं, पण राजे सगळे ओळखू यायचे. राणी एकच होती. एडवर्ड म्हणजे 'टकला', कारण त्याच्या रुपयावर त्याला मुकुटच नाही, पुढचे केस गेलेले स्पष्ट दिसतात. पाचवा जॉर्ज 'दाढीवाला'. असले आठ होते. माझ्या हातातल्या या सहाव्याला तिने काय म्हटलं असतं कोण जाणे. याला ना दाढी ना मिशी.

हे रुपये नुसते पुजायला नव्हते. रुपया बरोबर एक तोळ्याचा, ऐंशी रुपयांचा एक शेर. बाळंतिणीच्या लाडवांना आजी तराजूच्या एका पारड्यात रुपये टाकायची नि दुसऱ्यात सुंठ. "दोन रुपयेभार सुंठ, पाच रुपयेभार डिंक" असं ती आईला सांगायची आणि मला वाटायचं, काय महाग लाडू आहेत हे! आईने लिहून ठेवलेल्या वहीत अजून तसंच आहे, आणि माझ्या सुनेने मागच्या वर्षी मला खरंच विचारलं, की आई, पाच रुपयांत डिंक कुठे मिळतो.

एका वर्षी मृगाने दगा दिला. पेरलेलं जळालं, दुबार पेरणी करावी लागली. घरात काय बोलणं झालं ते मला माहीत नाही, पोरांसमोर बोलायचे नाहीत. त्या दिवाळीला कोठीत हात घातला, फडकं काढलं, पाटावर रुपये मांडले. दहा. परत कोठीत हात घातला, ज्वारी उपसली. नाही. दाढीवाल्यांतला एक कमी होता.

"आजी, एक..."

"मोज," ती म्हणाली. माझ्याकडे न बघता रिठा चोळत होती. ओसरीवर आबाजी बसले होते, पाठमोरे.

मी परत मोजले. दहाच होते.

"अकरा," म्हटलं.

आजीने एकेक जात्यावर आपटून बघितला. सगळे खणखणीत वाजले. पुढे दोन-तीन वर्षांत मोजायची वेळच राहिली नाही आणि राणी नेमकी केव्हा गेली हे मला आज आठवत नाही.

तर ही पावली. अशी पावली आपण होऊन बाजारात येत नाही. कुणाची तरी गाठ सुटली असेल. एखादी म्हातारी गेली असेल आणि नातवाने डबा उपडा करून चिल्लर म्हणून उचलली असेल. किंवा एखाद्या घरी मंगळवारी भाजीला खरंच एक रुपया कमी पडला असेल. मी तिला चिंच लावली नाही, रिठाही नाही. आहे तशीच बटव्यात वेगळ्या कप्प्यात ठेवली.

पुढच्या मंगळवारी मुद्दाम त्याच बाईकडे गेले. सांबाराची जुडी घेतली, मग पावली तळहातावर धरून विचारलं, हे नाणं कुणाकडून आलं होतं, आठवतं का?

तिने वाकून बघितलं. तोंड ओशाळं झालं. "कोनं देल्लं असन, बाई, मले का मालूम. पावसानं घाई होती." आणि गोणपाटाखालून रुपया काढून माझ्यापुढे धरला. "चालत नसन तं आना, बदलून देतो."

मी मूठ मिटली.

"नाही नाही, चालते," म्हटलं, आणि सांबार घेऊन घरी आले.