माझा अनुभव: ६१२ गुणांवर गृहकर्ज मागताना

फेब्रुवारी २०२३ मध्ये जळगावातील एका बँकेत गृहकर्जासाठी अर्ज दिला, तेव्हा पिंप्राळ्यातील एका जुन्या रो-हाउसचा सौदा पक्का झालेला होता आणि पन्नास हजार रुपये इसार देऊन मी निश्चिंत होतो. एमआयडीसीतील एका डाळ मिलमध्ये मी हिशेबनीस आहे. दुसऱ्याचे खाते दर महिन्याला जुळवून देणाऱ्याला स्वतःचे खाते कसे दिसते हे ठाऊक नसावे, याची लाज मला आजही वाटते. चौथ्या दिवशी बँकेतील अधिकाऱ्याने संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवला. कोणी कर्ज कसे फेडले याची नोंद ठेवणाऱ्या सिबिल या कंपनीचे गुण ३०० ते ९०० या दरम्यान मोजले जातात आणि माझे गुण ६१२ होते. अर्ज नामंजूर झाला.

खरी चूक त्यानंतर झाली. इसार बुडेल या भीतीने मी एका एजंटाला गाठले आणि त्याने ‘भाऊ, कुठे तरी होऊन जाईल’ असे म्हणत एका महिन्यात पाच ठिकाणी माझे अर्ज टाकले. कर्ज देणाऱ्या संस्थेने केलेली अशी प्रत्येक चौकशी त्या कंपनीच्या अहवालात नोंदली जाते, आणि थोड्या दिवसांत अनेक चौकशा दिसल्या की माणूस पैशांसाठी दारोदार फिरतो आहे असा त्याचा अर्थ लावला जातो. पाचही ठिकाणी नकार आला आणि गुण ५९८ वर घसरले. सौदा मोडला, इसाराचे पैसे परत मिळाले, पण त्यासाठी चार महिने खेटे घालावे लागले.

मग मी जे सर्वांत आधी करायला हवे होते ते केले, म्हणजे माझा संपूर्ण अहवाल काढून वाचला. देशात असे अहवाल देणाऱ्या चार कंपन्या आहेत (सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क) आणि प्रत्येकीकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल मोफत मिळतो. स्वतःचा अहवाल स्वतः पाहिल्याने गुण कमी होत नाहीत. गुणांचा आकडा पहिल्याच पानावर असतो, परंतु गुण का गेले हे पुढच्या पानांवरील ओळींतच कळते.

माझ्या अहवालात दोन डाग होते. पहिला माझा स्वतःचा. २०२० च्या टाळेबंदीत मिलचे काम थंडावले, पगार अर्धा झाला आणि घरखर्च क्रेडिट कार्डावर चालू लागला. रिझर्व्ह बँकेने मार्च ते ऑगस्ट २०२० या काळात हप्ते पुढे ढकलण्याची मुभा दिली होती, पण त्या काळातले व्याज माफ नव्हते, हे माझ्या लक्षात उशिरा आले. थकबाकी ५८,००० रुपयांवर गेली. वसुलीसाठी येणाऱ्या माणसाने २०२१ मध्ये २५,००० रुपयांत ‘सेटलमेंट’ करून दिले आणि मी पेढे वाटायचेच काय ते बाकी ठेवले. आपल्याकडे सेटलमेंट झाले म्हणजे भांडण मिटले, दोन्ही बाजू चहा पिऊन उठल्या. अहवालात मात्र ‘सेटल्ड’ या शेऱ्याचा अर्थ पूर्ण रक्कम फेडली नाही असा होतो, आणि ‘क्लोज्ड’, म्हणजे पूर्ण फेडून बंद झालेले खाते, हा शेरा त्याहून अगदी वेगळा असतो.

दुसरा डाग माझा नव्हता. मोटारसायकलचे कर्ज मी २०१९ मध्येच फेडले होते, नाहरकत दाखलाही घरी होता, तरी त्या वित्तसंस्थेने खाते बंद झाल्याचे कळवलेच नव्हते आणि ७४० रुपये थकीत दिसत होते. सिबिलच्या संकेतस्थळावर मोफत तक्रार नोंदवता येते. सिबिल स्वतःहून काही बदलत नाही, कर्ज देणाऱ्या संस्थेकडून दुजोरा आल्यावरच नोंद सुधारते. म्हणून मी दाखल्याची प्रत त्या संस्थेलाही पाठवली आणि सव्विसाव्या दिवशी नोंद दुरुस्त झाली. एप्रिल २०२४ पासून ३० दिवसांत तक्रार न सुटल्यास दिवसाला १०० रुपये भरपाई देण्याचा नियम लागू झाला आहे. माझ्या वेळी तो नव्हता.

कार्डाचे प्रकरण सोपे नव्हते. सोडून दिलेले ३३,००० रुपये भरतो, खाते ‘क्लोज्ड’ करा, असे मी त्या बँकेच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी कळवले. बँकेवर तसे करण्याचे बंधन नसते, म्हणून होकार लेखी हाती येईपर्यंत मी एक पैसाही भरला नाही. त्या दिवसांत अमळनेरकडची माझी आई रोज विचारायची, ‘कर्ज कसाले काढस?’ (कर्ज कशाला काढतोस?) आणि जुने कर्ज पुसण्यासाठी पैसे भरतो आहे हे तिला समजावणे मला कधीच जमले नाही. पुढे सिबिलमध्ये शेरा बदलला, परंतु दुसऱ्या एका कंपनीच्या अहवालात ‘सेटल्ड’ तसेच राहिले होते. चारही अहवाल काढले नसते तर ते कळलेच नसते.

यानंतर एका बँकेत २०,००० रुपयांची मुदतठेव ठेवून तिच्या तारणावर कार्ड घेतले. त्यावर फक्त किराणा आणि पेट्रोल, तेही मर्यादेच्या पाव भागाच्या आत, आणि दर महिन्याला पूर्ण बिल वेळेपूर्वी भरणे. शेठजींनाही विनंती केली. आमच्याकडे पगाराचा काही भाग रोखीने मिळायचा आणि जो पगार खात्यात दिसत नाही तो बँकेसाठी नसतोच. त्यांनी पूर्ण ३४,००० रुपये खात्यात द्यायला सुरुवात केली.

जून २०२४ मध्ये गुण ७०३ झाले. तेव्हा एका गृहवित्त कंपनीने १४ लाख रुपये साडेअकरा टक्क्यांनी दोन दिवसांत मंजूर करण्याची तयारी दाखवली. दुसरीकडे एक बँक ९.४ टक्क्यांवर देऊ पाहत होती, मात्र साडेअठरा लाखांच्या घरासाठी साडेचार लाख मी घालावेत आणि पत्नीने सहकर्जदार व्हावे, अशी तिची अट होती. वीस वर्षांच्या मुदतीत महिन्याचा हप्ता एकीकडे १४,९३० रुपये आणि दुसरीकडे सुमारे १२,९६० रुपये येत होता; एकूण फरक पावणेपाच लाखांच्या आसपास. दोन वर्षांची बचत आणि सासऱ्यांकडून घेतलेले हातउसने पैसे मिळून रक्कम उभी केली आणि बँक निवडली.

पुढील काम वकिलांचे होते: घराच्या मालकीचा तीस वर्षांचा शोध अहवाल, बिनशेतीचा आदेश, मंजूर आराखडा. बिनशेती आदेशाची प्रत विक्रेत्याकडे नव्हती, ती मिळवण्यात तीन आठवडे गेले. ऑगस्टमध्ये दुय्यम निबंधक कार्यालयात खरेदीखत नोंदले गेले, मूळ कागद बँकेकडे जमा झाले आणि तीस दिवसांच्या आत गहाणाची सूचना ऑनलाइन नोंदवली. जमा केलेल्या प्रत्येक कागदाची यादी मी शिक्क्यानिशी मागून घेतली, कारण कर्ज फिटल्यावर ३० दिवसांत कागद परत न मिळाल्यास दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यावी लागते आणि ती मागायची तर काय दिले होते हे आधी सांगता यावे लागते. कागद कधी परत येणार असे आईने विचारले, तेव्हा २०४४ म्हणालो. तिने ती यादी घेऊन देव्हाऱ्याखालच्या पत्र्याच्या पेटीत ठेवली.