झाकण काढलं की ठेवलं? ब्रिस्टलच्या ओट्यावरून

इंग्लंडमधल्या ब्रिस्टलला पाहुणे आले की त्यांना क्लिफ्टनचा झुलता पूल दाखवतात, ऑगस्ट असेल तर गरम हवेचे फुगे. संगणकाला व्हिडिओ बघायला शिकवणाऱ्या मंडळींत मात्र हे गाव ओळखलं जातं ते लोकांच्या घरातल्या सिंकमुळे. इथल्या विद्यापीठात डिमा डामेन यांच्या नेतृत्वाखाली, इटलीतल्या कातानिया आणि कॅनडातल्या टोरांटो विद्यापीठांच्या साथीनं, 2018 मध्ये एपिक-किचन्स हा चित्रणसंच खुला झाला. 32 स्वयंपाकघरं, 55 तास. 2020 मध्ये तो 45 स्वयंपाकघरं आणि 100 तासांवर गेला. ना दिग्दर्शक, ना पटकथा. माणसं कांदा चिरतात, भांडी विसळतात, कपाट उघडतात आणि लावतात, एवढंच.

चित्रणाची पद्धत उचलण्याजोगी आहे. डोक्यावर पट्ट्यानं बांधलेला गोप्रो हा छोटा कॅमेरा, 1920 × 1080, सेकंदाला जवळपास 60 फ्रेम. सलग तीन दिवस, स्वयंपाकघरात पाऊल टाकलं की कॅमेरा चालू, बाहेर पडताना बंद. त्याआधी बॅटरी बघायची आणि दोन्ही हात पुढे ताणून मोबाइलच्या ॲपवर खात्री करायची की पंजे चौकटीच्या साधारण मध्यावर येतायत. ही अर्ध्या मिनिटाची तपासणी टाळली तर तासभर टाइल्सचं चित्रण हाती येतं. स्वयंपाकघरात दुसरं कुणी नको, आणि ओळख पटवणारे फोटो, आरसे आधी बाजूला करायचे. आपल्याकडे ही यादी लांबते. घासून लखलखीत केलेले स्टीलचे डबे आरशाचंच काम करतात, आणि भिंतीवरच्या कालनिर्णयावर दुधाच्या हिशेबाशेजारी गॅसवाल्याचा नंबर लिहिलेला असतो.

खरं काम चित्रणानंतर सुरू होतं. ज्याचं चित्रण तोच ते बघत बोलत जातो: 'बशी उचलली', 'नळ उघडला'. ज्याला ज्या भाषेत सोपं जाईल त्या भाषेत. पहिल्या फेरीत इंग्रजीबरोबर इटालियन, स्पॅनिश, ग्रीक आणि चिनीही होती. पुढच्या फेरीत बोलताना व्हिडिओ थांबवण्याची सोय केली, कारण हात तोंडापेक्षा वेगानं चालतात आणि बोलणारा मागे पडला की मधल्या क्रिया गळतात. मग बोललेलं लिहून काढायचं, क्रियापद आणि नाम वेगळं करायचं, समानार्थी शब्द एका वर्गात घालायचे. 100 तासांतून असे 97 क्रियापदांचे वर्ग, 300 नामांचे वर्ग आणि जवळपास 90,000 क्रिया निघाल्या.

त्या 97 मध्ये फोडणी नाही. तेल ओतणं, मोहरी टाकणं, ढवळणं अशा सुट्या क्रिया यंत्राला कळतील, त्यांची मिळून फोडणी होते हे कळणार नाही. त्यात कुणाची चूक नाही. ज्या घरांत चित्रण झालं, त्या घरांचा शब्दसंग्रह यंत्राला मिळाला. 2021 मध्ये जाहीर झालेल्या एगोफोरडी या 9 देशांतल्या, 3,600 हून अधिक तासांच्या संचात भारताच्या बाजूनं हैदराबादची ट्रिपल आयटी होती, तेव्हा आपल्या चालीरीती अगदीच गैरहजर आहेत असंही नाही. पण मराठी स्वयंपाकघर ओळखायला शिकवायचं तर वर्ग आपणच पाडायला हवेत, आणि सगळ्यात मोठी फसगत तिथेच होते.

'लावणे' हे क्रियापद घ्या. गॅस लावला, कुकर लावला, झाकण लावलं, विरजण लावलं. हाताची हालचाल चारही वेळा वेगळी. चारही 'लावणे' या एकाच वर्गात टाकली तर यंत्राला त्यात समान असं काही सापडत नाही आणि ते भलत्याच गोष्टीला धरून बसतं. उदाहरणार्थ, 'चौकटीत शेगडी आहे म्हणजे लावणे'. उलट, परतणं, ढवळणं, कालवणं, घोटणं या सगळ्यांना इंग्रजी यादीत एकच 'मिसळणे' पुरतं. आमचा नियम असा: हत्यार किंवा हाताची चाल वेगळी दिसत असेल तरच वेगळा वर्ग. घोटायला रवी आणि कालवायला बोटं, म्हणून ते दोन वेगळे. परतणं आणि ढवळणं यांच्या व्हिडिओचे 50 तुकडे दोन माणसांना वेगवेगळं बसवून ओळखायला लावा. दोघांचं जमलं नाही, तर यंत्राचंही जमणार नाही. वर्ग एक करून टाका. वस्तूंचंही तसंच. अख्खा कांदा, सोललेला, चिरलेला आणि गुलाबी परतलेला हे नावानं एक, दिसायला चार.

आता झाकण. पातेल्यावर तिरकं धरलेलं झाकण, एक हात मुठीवर, खालून थोडी वाफ. या एका फ्रेमवरून झाकण काढलं की ठेवलं हे माणसालाही सांगता येत नाही. व्हिडिओचा प्रश्न फोटोपेक्षा वेगळा पडतो तो इथे. म्हणून मॉडेलला, म्हणजे शिकणाऱ्या प्रोग्रॅमला, एका तुकड्यातून 8, 16 किंवा 32 फ्रेम क्रमानं देतात. 2019 मध्ये फेसबुकच्या संशोधकांनी मांडलेल्या स्लोफास्ट रचनेत दोन वाटा आहेत: एक थोड्या फ्रेम बारकाईनं बघते (वस्तू काय आहे), दुसरी पुष्कळ फ्रेम वरवर बघते (हालचाल कुठे चाललीय). क्रम उलटा केला की 'काढणे'चं 'ठेवणे' होतं, तेव्हा नमुने वाढवण्यासाठी तुकडे उलटे चालवू नका. डावं-उजवं पलटवणं बऱ्याच तयार प्रोग्रॅममध्ये आपोआप चालू असतं. झाकणाला त्यानं फरक पडत नाही, पण 'डावीकडे सरकवणे' असा वर्ग असेल तर ते आधी बंद करा.

क्रिया कुठे सुरू होते यावरही भांडणं होतात. एक जण म्हणतो 12 ते 15 सेकंद, दुसरा म्हणतो 13 ते 16. दोघांत सामाईक 2 सेकंद, दोन्ही मिळून 4, म्हणजे जुळणी 0.5. नियम लिहून ठेवलेला नसला की अशी जुळणी सर्रास दिसते. 'बोट वस्तूला लागलं की सुरू, सुटलं की संपलं' एवढं एक वाक्य ठरवून घेतलं तरी पुष्कळ भागतं.

घरी करून बघायचं तर मोबाइल पुरतो. 30 फ्रेमच्या वेगानं 10 मिनिटं म्हणजे 18,000 फ्रेम. सगळ्या लागत नाहीत. पण मोबाइल बहुधा फ्रेमचा वेग मध्येच बदलतो, अंधारात कमी, उजेडात जास्त. फ्रेम क्रमांकावरून वेळ काढली की कुठली क्रिया कधी झाली याच्या खुणा हळूहळू सरकतात. सुरुवातीला सगळं जागच्या जागी आणि शेवटाकडे नळ उघडायच्या आधीच 'नळ उघडला'. म्हणून आधी एफएफएमपेग या व्हिडिओ बदलणाऱ्या प्रोग्रॅमनं वेग कायम 30 करून घ्या, छोटी बाजू 256 पिक्सेलवर आणा, आणि खुणा त्यानंतरच. गोप्रो लांब चित्रण अनेक फाइलींत तोडून ठेवतो. त्या आधी जोडा. खुणा करायला सीव्हॅट फुकट मिळतं. मॉडेल कोऱ्या पाटीपासून शिकवू नका. 2017 च्या कायनेटिक्स संचावर (400 क्रिया, प्रत्येकीचे किमान 400 तुकडे, तुकडा सुमारे 10 सेकंदांचा) आधी शिकलेलं मॉडेल घ्या आणि त्याचा फक्त शेवटचा थर, जो वर्ग ठरवतो, आपल्या वर्गांवर शिकवा.

मग आकडे बघताना सावध. परीक्षेचे तुकडे शिकवणीच्याच व्हिडिओतले असतील, तर मॉडेल ओटा पाठ करून पास होतं. एपिक-किचन्समध्ये न पाहिलेल्या स्वयंपाकघरांची परीक्षा वेगळी घेतात आणि तिथे गुण घसरतात. तुम्हीही एक अख्खं घर बाजूला ठेवा. दुसरं, स्वयंपाकघरात उचलणं, ठेवणं आणि धुणं यांचीच गर्दी असते. 100 पैकी 60 तुकडे 'ठेवणे'चे असतील तर डोळे मिटून 'ठेवणे' म्हणणारं मॉडेलही 60 टक्के मिळवतं. प्रत्येक वर्गाचे गुण वेगळे काढून त्यांची सरासरी घ्या. 10 वर्ग असतील तर त्याच मॉडेलला 10 टक्के मिळतील.

पहिला प्रयोग म्हणून कुकरच्या शिट्ट्या मोजा. चित्रात वजन जेमतेम हलतं आणि वाफेनं भिंग धुरकटतं, तेव्हा आवाजच जास्त कामाचा. आवाजाचा आलेख (आडवी वेळ, उभी स्वराची उंची) काढला की शिट्टी एखाद्या पट्ट्यासारखी ठळक दिसते, फोडणीतल्या मोहरीची तडतड बारीक उभ्या रेघांसारखी. मात्र खिडकी उघडी असली की शेजारच्या कुकरची शिट्टीही यंत्र इमानेइतबारे मोजतं. त्यासाठी अट घाला: आवाजाच्या आगेमागे एका सेकंदात आपल्या कुकरवर वाफ दिसली, तरच ती शिट्टी आपली.