खिडकीजवळचा ट्रे
प्रकल्प अहवाल जमा करायला दोन दिवस होते. 'चर्चा' हे प्रकरण घेऊन माझी विद्यार्थिनी समोर बसली. पाच पानं. वाचायला घेतलं तर मागच्या प्रकरणातले तक्तेच पुन्हा वाक्यांत उतरवलेले. लाल दिव्याखालची रोपं उंच, निळ्या दिव्याखालची बुटकी, पी-व्हॅल्यू, म्हणजे रंगाचा काही परिणाम नसताना निव्वळ योगायोगाने एवढा फरक दिसण्याची शक्यता, ०.०३. शेवटी नेहमीचं शेपूट, 'या विषयावर अधिक संशोधनाची गरज आहे.' हे वाक्य मी दरवर्षी खोडते.

"हे सगळं तक्त्यात आहेच की. असं का झालं, ते सांग."

"मॅडम, निळ्या प्रकाशात खोडाची वाढ रोखली जाते. सगळे संदर्भ तेच सांगतात." निकाल पुस्तकाशी जुळल्यामुळे ती खुशीत होती.

मी सहज विचारलं, "ट्रे कुठे ठेवले होतेस?"

"लाल दिव्याचा ट्रे कपाटाशेजारी, निळ्याचा खिडकीपाशी. प्लग तिथेच होते ना."

मी पेन खाली ठेवलं. भरपूर उजेडातलं रोप तसंही आखूड राहतं, अंधारातलं लांबुळकं होतं. म्हणजे बुटकेपणा निळ्या दिव्याचा की खिडकीतल्या उन्हाचा? दोन्ही कारणं एकाच दिशेला ओढणारी. वेगळी करायची कशी?

त्यात दुसरी गोची. प्रत्येक रंगाला वीस रोपं, पण ट्रे एकच. जे काही होणार ते अख्ख्या ट्रेचं होणार, त्यामुळे प्रयोगाच्या दृष्टीने नमुना वीसचा नाही, एकाचा. परिसंस्थाशास्त्रज्ञ स्टुअर्ट हर्लबर्ट यांनी १९८४ मध्ये याच चुकीला 'सूडोरेप्लिकेशन', म्हणजे खोटी पुनरावृत्ती, असं नाव दिलं. तिची ०.०३ ही पी-व्हॅल्यू वीस-वीस स्वतंत्र रोपं धरून काढलेली, म्हणून तिच्यावर विसंबता येत नव्हतं.

तिचा चेहरा पडला. "मग सगळं वाया?"

वाया कसलं! मोजमापं खरी होती, फक्त त्यांच्यावर चढवलेला अर्थ जड झाला होता. तिथेच बसून तिने पहिला परिच्छेद नव्याने लिहिला. दोन्ही ट्रेमधल्या उंचीत फरक दिसला, तो निळ्या प्रकाशाबद्दलच्या माहितीशी जुळतो. पण निळा ट्रे खिडकीलगत होता, म्हणून फरक रंगामुळे की उन्हामुळे, हे या प्रयोगातून सांगता येत नाही. पुढच्या वेळी प्रत्येक रंगाचे निदान चार-पाच ट्रे, जागा चिठ्ठ्या टाकून ठरवलेल्या. 'अधिक संशोधन' म्हणजे नेमकं काय, ते आता तिला लिहिता आलं.

पाचाची दोन पानं झाली. ती गेल्यावर मुखपृष्ठावर नजर गेली. तिच्या नावाखाली 'मार्गदर्शक' म्हणून माझं नाव. तीन आठवडे रोज त्या खिडकीवरून मीही ये-जा करत होते.